सहा दहाची फेरी परत सुरू करा: शहर बससेवेच्या व्यवस्थापनाला आणि सहप्रवाशांना खुले पत्र

मा. व्यवस्थापकीय संचालक, वाहतूक व्यवस्थापक आणि आगारप्रमुख,
तसेच रोज माझ्याबरोबर उभ्याने प्रवास करणाऱ्या भावांनो, बहिणींनो,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या थांब्याच्या खांबाला एक कागद चिकटवला गेला. अर्ध्या पानाचा, खाली शिक्का आणि सही. ‘अल्प भारमानामुळे सकाळी ६.१० ची फेरी पुढील आदेशापर्यंत बंद करण्यात येत आहे.’ दोन दिवसांनी पावसाने शाई उतरली, आठवड्याभरात कागदही गळून पडला. ज्यांच्या नजरेला तो पडला नाही, ते पहिल्या दिवशी पावणेसातपर्यंत थांब्यावर उभे होते. त्यांच्यात मीही होते.

मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेते. महिन्यातले दोन आठवडे सातची पाळी असते, दोन आठवडे नऊची. सातच्या पाळीला मी पोहोचते तेव्हा माझ्या खिडकीपुढच्या बाकांवर माणसं येऊन बसलेली असतात, कारण उपाशीपोटीची साखर तपासायची असते. आदल्या रात्री आठला जेवलेली, सकाळी चहाचा घोटही न घेतलेली माणसं. बरीचशी साठीच्या पुढची, काही बाळंतपण जवळ आलेल्या मुली. मला वीस मिनिटं उशीर झाला की त्या सगळ्यांचा उपास वीस मिनिटांनी लांबतो. एखाद्या आजींना घेरी येते. त्या मला काही बोलत नाहीत, हात पुढे करतात. मला ते सहन होत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आमचं शहर कोणतं, मार्ग कोणता, हे मी मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की त्या आगारातल्या एखाद्या वाहकाला किंवा नियंत्रकाला खुलासा द्यायला बोलावलं जातं आणि ज्यांनी निर्णय घेतला ते बाजूलाच राहतात, हे मला घरातून माहीत आहे. माझे वडील एसटीत एकतीस वर्षं वाहक होते. कागदावर ज्यांची सही होती, त्यांना खांब कोणता ते ठाऊक आहेच.

वडिलांमुळे ‘भारमान’, म्हणजे गाडीतल्या जागांच्या मानाने प्रवासी किती, हा शब्द मी फार लहानपणी ऐकला. कितीतरी वर्षं त्यांना मुक्कामी गाडीची ड्यूटी होती. संध्याकाळी तालुक्याहून निघायचं, शेवटच्या गावात गाडी उभी करायची, शाळेच्या नाहीतर देवळाच्या ओसरीत अंथरूण टाकायचं, गावातलं कुणीतरी भाकरी आणून द्यायचं, आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत. पहाटे गावातून निघताना गाडीत सात-आठ माणसं असायची. पण तीच माणसं, आणि वाटेतल्या फाट्यांवर चढलेली कॉलेजची मुलं, दुपारच्या आणि संध्याकाळच्या गाड्यांनी परत यायची. पहाटेची गाडी काढली असती तर संध्याकाळच्या गाडीचंही भारमान पडलं असतं. सकाळी जो बसने गेलाच नाही, तो संध्याकाळी बसने परत कसा येणार? १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली. तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या माणसांचा एसटीवर जो भरवसा बसला, त्यात या पहाटेच्या, अर्ध्या रिकाम्या गाड्यांचा वाटा मोठा आहे.

आमच्याकडे नेमकं तेच घडलं. ६.१० ला कोण चढायचं ते सांगते. मंडईत माल भरायला निघालेल्या दोन भाजीवाल्या, रात्रपाळी संपवून घरी जाणारे सुरक्षारक्षक, सोसायट्यांमध्ये धुणंभांडी करणाऱ्या चौघीजणी, आयटीआयची मुलं आणि मी. फेरी बंद झाल्यावर आयटीआयच्या दोघांनी मिळून एक जुनी दुचाकी घेतली. धुणंभांडी करणाऱ्या बायका शेअर रिक्षाने जातात. पहिल्या घरच्या कामाची कमाई त्यातच जाते. मी महिन्याचा पास काढणं थांबवलं, कारण सकाळी रिक्षाला पैसे मोजल्यावर पास परवडत नाही. म्हणजे तुमच्या दुपारी साडेतीनच्या फेरीतूनही आम्ही कमी झालो. पुढच्या तिमाहीत साडेतीनच्या फेरीचं भारमान घटल्याचा तक्ता तुमच्या टेबलावर येईल. तेव्हा ही फेरीही बंद करण्याआधी मागे वळून ६.१० कडे पाहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि ६.१० चं भारमान खरंच अल्प होतं का? याबद्दल मला गंभीर शंका आहे. आम्ही बहुतेक सगळे पासवाले. वाहक पास बघायचे, मान डोलवायचे, पुढे जायचे. मी इतकी वर्षं समोर बसून पाहिलं आहे, पास बघितल्यावर त्यांनी यंत्रावर कोणतंही बटण दाबल्याचं मला आठवत नाही. त्यांचा दोष नाही, तसं करायला त्यांना कुणी सांगितलेलंच नसेल. पण मग तुमच्या तक्त्यात फक्त फाडलेली तिकिटं आली. रोज नियमाने येणारा, महिन्याचे पैसे आगाऊ भरणारा प्रवासी तुमच्या हिशेबात नव्हताच. फेरी बंद करण्याआधी एखाद्या तपासणिसाला एक आठवडा त्या बसमध्ये डोकी मोजायला बसवलं होतं का? बसवलं असेल तर ते आकडे जाहीर करा. नसेल, तर हा निर्णय मागे घ्या.

आता नऊच्या पाळीच्या आठवड्यांबद्दल. तेव्हा मला आठच्या सुमाराची बस लागते. त्या वेळेला फेऱ्यांची वाण नाही. फलकावर लिहिलेलं आहे: दर १५ मिनिटांनी. तरीही रोज उशीर का होतो हे समजून घ्यायला मी एका दोनशेपानी वहीत बसच्या वेळा टिपू लागले. एका सोमवारची नोंद अशी आहे: ८.०३ ला एक बस, ८.०५ ला दुसरी, त्यानंतर थेट ८.३८. पहिली इतकी भरलेली की पायरीवरही पाय ठेवता येईना. दुसरीत जागा होती, पण ती आमच्या थांब्यावर थांबलीच नाही. पहिलीच्या उजव्या अंगाने निघून गेली.

या नोंदींनी मला एक गोष्ट शिकवली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. तासाला चार बस सारख्या अंतराने आल्या, तर थांब्यावर केव्हाही आलेल्या माणसाला सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागतं. त्याच चार बस जोडीजोडीने आल्या, तर सरासरी पंधरा मिनिटं. बस तेवढ्याच, सीएनजी तेवढाच, पगार तेवढेच. तुमच्या कागदावर चारही फेऱ्या पूर्ण. आणि आमचं ताटकळणं दुप्पट. म्हणून आम्ही ‘बस येत नाही’ अशी तक्रार करतो आणि तुम्ही ‘फेऱ्या पूर्ण आहेत’ असं उत्तर देता, तेव्हा दोघंही खरंच बोलत असतो.

जोडी कशी जमते हे थांब्यावर उभं राहून दिसतं. पुढच्या बसला एखाद्या सिग्नलला दोन मिनिटं जास्त लागतात. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर चार-पाच माणसं वाढतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर, म्हणून त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी माणसं. मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात. ती भराभर येते आणि पुढचीला गाठते. यात कुणाचा आळस नाही, हे आपोआप होतं. आणि आपोआप होतं म्हणूनच कुणीतरी मुद्दाम ते मोडावं लागतं. मार्गाच्या मध्यावर नियंत्रकाने मागच्या बसला चार-पाच मिनिटं धरून ठेवलं की अंतर पुन्हा पडतं. आमच्या मुख्य चौकात त्यासाठी केबिन होती. आत नियंत्रक, टेबलावर वेळापत्रक, आणि वाहक खाली उतरून वेळ नोंदवून यायचे. त्या केबिनला आज कुलूप आहे आणि तिच्या पायरीवर नारळपाणीवाला बसतो.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी सेवेच्या चार पातळ्या ठरवून दिलेल्या आहेत. प्रवाशाला सरासरी चार मिनिटांपर्यंत थांबावं लागणं ही पहिली पातळी. दहा मिनिटांच्या वर थांबावं लागणं ही चौथी, म्हणजे सगळ्यात खालची. एक लाख लोकसंख्येमागे साठ बस ही पहिली पातळी, वीसपेक्षा कमी ही शेवटची. गर्दीचंही तसंच आहे: आसनांच्या अडीचपटीपेक्षा जास्त माणसं बसमध्ये असणं ही तळाची पातळी. आपला उपक्रम या मोजपट्टीवर कुठे आहे, हे आम्हाला कधीच सांगितलं जात नाही. लंडनमध्ये वरचेवर धावणाऱ्या मार्गांवर प्रवाशाला ठरल्यापेक्षा किती जास्त थांबावं लागलं ते मोजतात आणि बस चालवणाऱ्या कंपनीची कमाई त्याच्याशी जोडलेली असते. आपल्याकडे कंत्राटाच्या बसला पैसे मिळतात किलोमीटरवर. चालक कंत्राटदाराचा, वाहक उपक्रमाचा. ज्याचा हिशेब किलोमीटरवर आहे, त्याच्या दृष्टीने थांब्यावर थांबणं म्हणजे खोळंबा. उजवीकडून निघून गेलेल्या त्या बसचे किलोमीटर पूर्ण भरले, पैसेही पूर्ण मिळाले असतील. थांबा चुकवल्याबद्दल काही कापलं गेलं का? किती? हे आम्हाला कळायला हवं, कारण ते पैसे आमच्या तिकिटातून आणि करातून जातात.

बस कुठे आहे हे तुम्हाला दिसतं. १ जानेवारी २०१९ नंतर नोंदणी झालेल्या प्रवासी बसला ठिकाण कळवणारं यंत्र आणि आपत्कालीन बटण असणं केंद्राच्या नियमाने बंधनकारक आहे. मुंबईत बेस्टची बस कुठवर आली ते प्रवाशाला मोबाइलवर बघता येतं. आमच्या मार्गावर ते फक्त नियंत्रण कक्षात दिसतं, थांब्यावर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. तुमचा दूरध्वनी क्रमांक थांब्यावर रंगवलेला आहे, त्यावर बहुतेक वेळा नुसती घंटी वाजत राहते. आपत्कालीन बटणाचं म्हणाल, तर मी नेहमी ज्या बसने जाते तिच्यातल्या एका बटणाचं झाकण तुटलेलं आहे आणि वायर बाहेर लोंबते.

चढण्या-उतरण्याबद्दल थोडक्यात. जुन्या पद्धतीच्या बसची आतली जमीन रस्त्यापासून साधारण ९०० मिलिमीटर उंच असते, लो-फ्लोअर बसची ४००. नव्या बस घेतल्यात, चांगलं केलंत. पण त्या पदपथाला लागून उभ्या राहिल्या तरच ती सोय माणसाच्या पायाला कळते. थांब्याच्या जागेत रिक्षा उभ्या असतात, म्हणून बस रस्त्याच्या मध्यावर थांबते. मग गुडघे दुखणाऱ्या माणसाला आधी पदपथावरून खाली उतरावं लागतं, धावत्या दुचाकी चुकवाव्या लागतात आणि पुन्हा चढावं लागतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. आमच्या थांब्यावर चाकाच्या खुर्चीतून आलेला प्रवासी बसमध्ये चढलेला मी अजून एकदाही पाहिलेला नाही.

तिकीट स्वस्त करा, असं मी या पत्रात मागत नाही. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट लागतं, त्यामुळे माझ्या वहिनी महिन्याला दोनदा माहेरी जाऊ लागल्या. शहर बसलाही तसं काही झालं तर आनंदच आहे. पण आधी बस येऊ दे.

सहप्रवाशांनो, आता आपल्याबद्दल. वरचं सगळं वाचून तुम्ही मान डोलावली असेल. पण जोडी जमण्याचं जे कारण मी सांगितलं, त्यातला अर्धा भाग आपल्या हातात आहे.

आमच्याकडे मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या दाराने उतरायचं, असं दोन्ही दारांवर लिहिलेलं आहे. तरी उतरणाऱ्यांच्या दाराने आपण चढतो. चढून झालं की दारातच उभे राहतो. मध्ये चार-पाच माणसं आरामात मावतील इतकी जागा मोकळी असते, वाहक घसा फोडून ‘पुढे सरका’ म्हणत असतात, आणि आपण मोबाइलमधून मान वर काढत नाही. पाठीवरची पिशवी पायाशी ठेवत नाही. एका थांब्यावर यामुळे पंधरा सेकंद जास्त गेली असं धरा. आमच्या मार्गावर चोवीस थांबे आहेत. म्हणजे शेवटच्या थांब्यापर्यंत सहा मिनिटं. ही सहा मिनिटं सिग्नलने घेतली नाहीत, व्यवस्थापनाने घेतली नाहीत. मागची बस पुढचीला गाठते ती याच सहा मिनिटांत.

मुंबईत १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली बस धावली. त्या शहराने थांब्यावर रांग लावायची सवय लावून घेतली. पावसात छत्र्यांची रांग लागते, कुणी मध्ये घुसला तर मागचे चौघे त्याला मागे पाठवतात. लग्नाआधी मी तिथे मावशीकडे दोन वर्षं राहिले तेव्हा त्या रांगेत उभी राहिले आहे. रांगेत उभं राहायला कुणी शिकवावं लागलं नाही, कारण पुढची बस येणार आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडे ती खात्री नाही, म्हणून बस दिसली की आपण धावतो. हे कारण मला मान्य आहे. पण आपल्या धक्क्याने जो पडतो, त्याला या कारणाचा काही उपयोग नाही.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. मागच्या पावसाळ्यात, पस्तीस मिनिटं थांबल्यावर आलेल्या बसच्या दारात मी एका आजोबांना कोपराने बाजूला सारलं आणि चढले. ते पदपथाच्या कडेवर बसले. बस सुटली. खिडकीतून मला ते दिसत होते, पायातली निसटलेली चप्पल शोधत होते. त्यांच्याच वयाची माणसं रोज माझ्यापुढे हात धरून बसतात आणि मी त्यांना ‘काका, मूठ वळा’ म्हणते. त्या दिवशी बस वेळेवर आली असती तर मी तसं केलं नसतं, हे खरं आहे. पण कोपर माझं होतं.

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं बंद करू या. जो आधी चढला, ज्याचे पाय दुखत आहेत, त्याची ती जागा आहे. बायकांच्या राखीव आसनांवर डोळे मिटून बसलेल्या पुरुषांना उठवायला प्रत्येक वेळी वाहकाला बोलवावं लागू नये. आणि बायांनो, खिडकीची जागा रिकामी ठेवून कडेला बसायचं आणि दुसरीला आत जाऊ द्यायचं नाही, हे आपणही करतो. गुटखा खाऊन खिडकीतून पिचकारी मारणाऱ्याला मागच्या खिडकीत कुणाचा चेहरा आहे हे दिसत नाही. मी तो चेहरा पाहिला आहे, पहिल्यांदाच मुलाखतीला निघालेल्या मुलीचा. खोकताना तोंडावर रुमाल धरा. क्षयरोग हवेतून पसरतो, आणि खिडक्या लावलेली भरगच्च बस त्याला फार सोयीची असते. प्रयोगशाळेत काम करणारी बाई म्हणून एवढं तरी माझं ऐका. मोबाइलवरची गाणी आणि भांडणं कानात घालून ऐका, रात्रपाळी करून आलेला माणूस शेजारी डोळा लागावा म्हणून धडपडत असतो.

तिकीट न काढणाऱ्यांना मला वेगळं सांगायचं आहे. ‘तीनच थांबे तर आहेत’ असं म्हणून तुम्ही उतरता, तेव्हा पंधरा-वीस रुपये वाचतात. पण तुम्ही त्या बसमध्ये होतात याची नोंद कुठेच होत नाही. सहा दहाच्या बसमध्येही असे दोघं-तिघं होते. आज ती बस तुमच्यासाठीही येत नाही.

सुट्ट्या पैशांवरून वाहकाला शिव्या देणंही थांबवा. पहिल्याच फेरीला दहा जणांनी पाचशेची नोट पुढे केली तर तो कुठून आणणार? ज्या शेवटच्या थांब्यावर ही माणसं दिवसातून सात-आठ वेळा जातात, तिथे धड स्वच्छतागृह नाही. महिला वाहक दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. त्यांच्यापैकी एकीने हे मला स्वतः सांगितलं, लघवीच्या तपासणीसाठी माझ्याच खिडकीवर आली होती तेव्हा.

तिच्याबद्दल आणखी एक सांगायचं आहे. गेल्या हिवाळ्यात संध्याकाळच्या गर्दीत नर्सिंग शिकणारी एक मुलगी माझ्यापुढे उभी होती. तिच्या मागचा माणूस प्रत्येक धक्क्याला तिच्या अंगावर रेलत होता, धक्का नसतानाही रेलत होता. तिचा चेहरा पांढरा पडला होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी ओरडले. आजूबाजूचे लोक खिडकीबाहेर बघू लागले. त्या वाहक ताई मागून वाट काढत आल्या, मुलीला आपल्या सीटवर बसवलं, एक घंटी देऊन बस थांबवली आणि चालकाला सांगितलं, गाडी चौकीला घ्या. भारतीय न्याय संहितेच्या ७४ आणि ७५ कलमांखाली हा गुन्हा आहे, त्याची नोंद झाली. या सगळ्यात वीस मिनिटं गेली. बसमधले कितीतरी जण त्या माणसावर नाही, ताईंवर चिडले, की आमचा खोळंबा केला. आणि दुसऱ्या दिवशी उशिराबद्दल त्यांच्याकडे खुलासा मागण्यात आला. बसमधल्या प्रवाशांनी आणि कार्यालयाने मिळून त्या बाईला एकच गोष्ट शिकवली, की पुढच्या वेळी घंटी देऊ नको. मला याचं अजून वाईट वाटतं.

तर माझं मागणं असं आहे. ६.१० ची फेरी येत्या एक तारखेपासून सुरू करा. तीन महिने पासवाल्यांसकट डोकी मोजा, आणि त्यांच्या परतीच्या फेऱ्याही त्याच हिशेबात धरा. यापुढे कुठलीही फेरी बंद करायची असेल तर किमान पंधरा दिवस आधी बसमध्ये आणि थांब्यावर कळवा, आणि हरकत नोंदवायला एक माणूस व एक वेळ ठरवून द्या.

मुख्य चौकातली केबिन उघडा. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ तिथे नियंत्रक बसवा, आणि दोन बसमधलं अंतर राखणं हेच त्याचं काम आहे असं लेखी सांगा.

बस कुठे आहे ते प्रवाशांना दिसू द्या. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांच्यासाठी दूरध्वनी उचलणारा माणूस ठेवा. थांबे चुकवल्याबद्दल कंत्राटदाराकडून किती वसूल केलं, ते दर महिन्याला जाहीर करा. वर्षातून एकदा, केंद्राच्या त्या चार पातळ्यांत आपण कुठे आहोत, हेही सांगा.

थांब्याची जागा वाहतूक पोलिसांना बरोबर घेऊन मोकळी करा. शेवटच्या थांब्यावर स्वच्छतागृह बांधा, ते होईपर्यंत जवळच्या एखाद्या दुकानाशी किंवा शाळेशी बोलून वाहक-चालकांची सोय लावा. छेडछाडीच्या प्रसंगी बस चौकीला नेणाऱ्या वाहक-चालकांकडे उशिराचा खुलासा मागितला जाणार नाही, असं परिपत्रक काढा, आणि ते बसमध्ये प्रवाशांना वाचता येईल असं लावा.

सहप्रवाशांकडे माझं मागणं छोटं आहे. मागच्या दाराने चढू या, आत सरकू या, तिकीट काढू या. सोमवारपासून आमच्या थांब्यावर मी आणि त्या दोन भाजीवाल्या रांग लावणार आहोत, आठच्या बसला. तीन माणसांची रांग असेल. मागे येऊन उभे राहा.

व्यवस्थापकीय संचालक साहेब, माझी दोनशेपानी वही निम्म्याहून जास्त भरली आहे. तारीख, वार, बसची वेळ, बस थांबली की नाही, आत जागा होती की नाही, असे रकाने आखलेले आहेत. वडिलांच्या वेबिलासारखे, म्हणजे वाहकाच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदासारखे, कारण मला तेवढंच आखता येतं. येत्या शनिवारी पाळी संपल्यावर मी ती तुमच्या कार्यालयात आणून देणार आहे. चार वाजेपर्यंत पोहोचेन, बस मिळाली तर. आवक विभागात तिची नोंद करून घ्या आणि मला पोच द्या.

आपली,
सातच्या पाळीची एक प्रवासी